बाजूचा रूळ

आपल्या बोलीत एक वाक्प्रचार आगगाडीबरोबर आला आणि चांगलाच रुळला. कचेरीत एखाद्याचे वजन उतरले, त्याच्या हातचे काम काढून घेतले, की लोक म्हणतात, ‘त्याला सायडिंगला टाकले.’ म्हणजे हा आता बिनकामाचा झाला. खरी धावपळ दुसऱ्या रुळावरून चालू आहे आणि हा आपला गंजत उभा आहे!

हे शब्द ऐकले की मला उगीचच राग येतो. कारण मी सायडिंग पाहिले आहे. एक पाहिले ते आमच्या शिरोळजवळच्या सपाट काळ्या रानात आणि दुसरे पाहिले ते सह्याद्रीच्या ऐन कड्यावर. पहिल्याने एक गाव वसवले. दुसऱ्याने किती जीव वाचवले असतील ते देव जाणे. मोठमोठ्या पुलांचा, बोगद्यांचा आणि झपाट्याने धावणाऱ्या मेलगाड्यांचा इतिहास पुष्कळांनी सांगितला आहे. आज दिवाळीच्या निमित्ताने बाजूला थांबणाऱ्या गाडीची आणि तिला थांबवणाऱ्या माणसाची हकिकत सांगावी, असे मनात आहे.

शिरोळ तालुका हा नद्यांचा मुलूख. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांनी त्याला वेढले आहे. जमीन काळी, रान मोकळे. डोंगर म्हणावे असे आमच्याकडे काही नाही. हवा स्वच्छ असली तर पश्चिमेला दूरवर निळसर रेघ दिसते, तेवढाच आमचा सह्याद्री. अशा गावच्या पोराला घाट पाहायला मिळाला तो भाऊबीजेमुळे.

१९५९ सालची दिवाळी. माझे मामा रेल्वेत सांधेवाले होते आणि त्यांची नेमणूक बोरघाटात होती. कर्जत आणि खंडाळा यांच्या दरम्यान जांबरुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल अशी घाटातली थांबण्याची ठिकाणे आहेत. त्यांपैकी एका ठिकाणी त्यांची केबिन होती. त्या वर्षी दिवाळीत त्यांना रजा मिळाली नाही. पत्र आले, ‘आक्का, यंदा येणे होत नाही.’ आईने पत्र दोनदा वाचून घेतले आणि म्हणाली, “त्याला येता येत नाही, तर आपण जाऊ. भाऊबीज चुकवायची नाही.”

पाडव्याच्या दिवशी आम्ही निघालो. पत्र्याच्या डब्यात करंज्या, चिवडा आणि कडबोळी. पिशवीत निरांजन, कापसाची वात आणि कुंकवाचा करंडा. आमच्याकडची गाडी तेव्हा मीटरगेजची. ती रमतगमत, वळणे घेत, अदर्की आणि शिंदवण्याचे घाट ओलांडून पुण्याला पोचे. पुण्याला उतरून ब्रॉडगेजच्या मोठ्या गाडीत बसायचे. त्या गाडीचे डबे मला वाड्याच्या सोप्याएवढे वाटले. लोणावळा गेले, खंडाळा गेले आणि मग एका बाजूला जमीनच नाहीशी झाली. खाली उल्हास नदीची दरी, समोर नागफणीचा सुळका, आणि आमची गाडी कड्याला धरून धरून खाली उतरते आहे. थोड्या वेळाने ती थांबली. फलाट नव्हता. मामा खाली उभे होते. त्यांनी मला काखेत धरून उतरवून घेतले.

दुपारभर मी केबिनच्या पायरीवर बसून गाड्या पाहिल्या. वर चढणाऱ्या गाडीला मागून इंजिने लावलेली. पुढचे ओढते आहे, मागची रेटताहेत. विजेची ती लांबट, बसकी इंजिने. मामांच्या भाषेत त्यांचे नाव ‘खेकडा’, आणि त्यांची चालही तशीच, दोन्हीकडे सारखी. पण मला सर्वांत नवल वाटले ते एका रिकाम्या रुळाचे. मुख्य रूळ उताराने खाली कर्जतकडे जात होते. त्यांच्यातून फुटलेला एक रूळ मात्र उलट डोंगरात वर चढत गेला होता आणि थोड्या अंतरावर मातीच्या ढिगाऱ्यात संपला होता. त्याच्यावर गंज चढलेला. पुढे ना गाव, ना स्टेशन.

मी विचारले, “मामा, त्या रुळावरनं गाडी कुठं जाते?”

मामा म्हणाले, “जाऊ नये म्हणून तर हाय त्यो.”

मग त्यांनी समजावून सांगितले. घाट उतरणारी गाडी इथे थांबलीच पाहिजे. सांधा नेहमी त्या वर जाणाऱ्या रुळाकडेच लावलेला असतो. ड्रायव्हरने गाडी उभी केली, म्हणजे तिचे ब्रेक ताब्यात आहेत हे सिद्ध झाले. मगच सांधा फिरवून तिला खालचा रस्ता द्यायचा. आणि एखादी थांबलीच नाही तर? तर ती आपोआप त्या बाजूच्या रुळावर जाईल, डोंगर चढू लागेल, चढता चढता तिचा जोर ओसरेल आणि मातीत रुतून उभी राहील. नुकसान होईल, पण दरीत कोसळण्यापेक्षा ते बरे. मामा म्हणाले, “गाडी आली की आदी तिला येडी समजायची. थांबून दाखवली, मगच शानी.”

रेल्वेच्या भाषेत या रुळाला ‘कॅच सायडिंग’ म्हणतात, म्हणजे सुटलेल्या गाडीला झेलणारे सायडिंग. त्याची गरज का पडली हे कळायला शंभर वर्षे मागे जावे लागते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे आपण शाळेत शिकतो. पण ठाण्यापर्यंतचा एकवीस मैलांचा रस्ता सपाटीचा होता. खरा प्रश्न पुढे होता. देशावरचा कापूस मुंबई बंदरात आणायचा, तर वाटेत सह्याद्री उभा. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी बोरघाटाची आखणी केली आणि १८५६ साली काम सुरू झाले. सुमारे पावणेसोळा मैलांत १८३१ फूट चढायचे होते. सर्वांत कठीण ठिकाणी चढ सदतिसास एक. म्हणजे सदतीस फूट चालले की एक फूट वर. हे ऐकताना काहीच वाटत नाही. आमच्या गावची बैलगाडी याहून उभा चढ हसत चढेल. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक, त्यावर शेकडो टनांचे ओझे, आणि पावसाळ्यात त्यावर पाण्याचा पापुद्रा! अशा उतारावर सुटलेली गाडी कोणाच्या बापाला आवरायची नाही.

घाटाचे काम कसे झाले, ते वाचताना अंगावर काटा येतो. कड्यावर पाय ठेवायला जागा नसे. वरून दोर बांधून माणसे खाली सोडत. ती लोंबकळत पहारीने दगडाला भोके पाडत आणि सुरुंग भरत. पंचवीस बोगदे असे खोदले गेले. १८६१ साली घाटात बेचाळीस हजारांवर माणसे एका वेळी राबत होती. ही माणसे कोण? देशावरच्या खेड्यांतून बायकापोरांसह आलेली, पावसाळ्यात शेतीकडे परतणारी आणि पाऊस संपला की पुन्हा येणारी. पाट्या वाहायला बायका होत्या. पटकीची साथ आली की वस्तीच्या वस्ती ओस पडे. हजारोंनी माणसे त्या डोंगरात राहिली. १८५९ साली मजुरीवरून घाटात दंगाही झाला. पहिल्या कंत्राटदाराचे, फॅव्हिएलचे, काम त्याच वर्षी सुटले. मग सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची विधवा पत्नी ॲलिस हिने कंत्राट आपल्या नावावर पुढे चालवले आणि जाणत्या अभियंत्यांच्या हातून काम तडीस नेले. १८६३ साली घाट वाहतुकीला खुला झाला.

मुंबई-पुणे रस्त्याने जाणाऱ्यांना घाटात शिंग्रोबाचे देऊळ ठाऊक आहे. साहेबाला डोंगरातली वाट दाखवणारा हा धनगर, आणि वाट सापडल्यावर त्यालाच गोळी घातली, अशी लोककथा आहे. कथा खरी की खोटी, हा वाद बाजूला ठेवू. ज्यांची नावे कुठल्याही दगडावर कोरली गेली नाहीत, त्या हजारोंची आठवण लोकांनी एका देवळात ठेवली, असे मी समजतो.

त्या वेळी घाटात खंडाळ्याच्या खाली एक विचित्र स्टेशन होते. डोंगराने पुढची वाटच अडवली होती, म्हणून गाडी तिथे जाऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लावत आणि मग गाडी उलट तोंडाने पुढचा घाट उतरे किंवा चढे. या रिव्हर्सिंग स्टेशनाच्या पुढे रूळ नव्हता, दरी होती. १८६९ मध्ये पुण्याहून उतरणारी एक गाडी ब्रेकांना दाद न देता त्या स्टेशनातून आरपार गेली. गाडीने थांबावे एवढ्यावर भिस्त ठेवून चालत नाही, न थांबली तर काय, याचीही तजवीज हवी, हा धडा घाटाने असा किंमत घेऊन शिकवला. पुढे १९२९ साली नवी आखणी होऊन ते उलटे स्टेशन गेले आणि त्याच सुमारास घाटात विजेची इंजिने आली. पण झेलणारी सायडिंगे राहिली, आणि थांबून दाखवण्याचा नियमही राहिला. मामांसारखी माणसे तो नियम दिवसरात्र पाळत होती.

संध्याकाळी मामांना सुट्टी मिळायची होती. पण त्यांच्या जागी येणारा माणूस वेळेवर आला नाही. आईने केबिनमध्येच पाट मांडला. कोपऱ्यात रांगोळीची चार बोटे ओढली, निरांजन लावले. इतक्यात वरच्या केबिनची घंटी वाजली.

मामा म्हणाले, “आक्का, ही मालगाडी तेवढी जाऊ दे, मग बसतो.”

आई म्हणाली, “बस आता. गाड्या काय पळून जात न्हाईत.”

“न्हाई पळून जाव्यात म्हणून तर मी हाय हितं!” असे म्हणून मामा दांड्यांपाशी जाऊन उभे राहिले.

निरांजन हातात धरून आई उभी राहिली. वात विझू नये म्हणून पदराचा आडोसा केलेला. खालून मी पाहिले, गाडी वळणावरून आली. चाकांतून ठिणग्या उडत होत्या, तापलेल्या लोखंडाचा वास आला. ती हळू झाली, आणखी हळू झाली आणि उभी राहिली. इंजिनाने शिटी दिली. मामांनी दांडा ओढला, सांधा खटकन फिरला. हिरवा दिवा मिळाला आणि सारी गाडी, डब्यामागून डबा, अंधारात खाली उतरून गेली. शेवटच्या डब्यातून गार्डाने दिवा हलवला. मामांनी उलट दिवा हलवला, सांधा पुन्हा त्या रिकाम्या रुळाकडे लावला, हात पुसले आणि पाटावर येऊन बसले. आईने ओवाळले. तिचे डोळे भरून आले होते. मला तेव्हा कारण कळले नाही. दर दिवाळीला हा माणूस घरी का येत नाही, याचे उत्तर तिला त्या दिवशी डोळ्यांनी दिसले होते, एवढेच मी आता म्हणेन.

आता घाट उतरून आमच्या सपाट रानात येऊ. तिथल्या सायडिंगची गोष्ट वेगळी आहे, पण नाते सख्खे आहे.

बोरघाटातून पुण्याला गाडी आली, तरी दक्षिणेकडचा मुलूख पुढे कित्येक वर्षे बैलगाडीवरच होता. १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली. तिने मीटरगेजचे रूळ टाकत पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा असा मार्ग जोडला. लोंढ्याहून कॅसलरॉकचा घाट उतरून १८८८ साली मुरगाव बंदरापर्यंत गाडी गेली. मिरजेपासून कोल्हापूर अवघे एकोणतीस मैल. तो फाटा बांधला कोल्हापूर दरबारने, स्वतःच्या पैशाने. १८८८ च्या मे महिन्यात त्याची पहिली कुदळ शाहू महाराजांच्या हस्ते पडली. तेव्हा महाराज चौदा वर्षांचेही नव्हते आणि राज्याचे अधिकार मिळायला अजून सहा वर्षे होती. १८९१ च्या एप्रिलात गाडी सुरू झाली. चालवण्याचे काम सदर्न मराठा कंपनीकडे होते.

या फाट्यावर आमच्या वाट्याला जे स्टेशन आले त्याचे नाव ‘शिरोळ रोड’. ज्या स्टेशनाच्या नावात ‘रोड’ असतो ते त्या गावात नसते, हा रेल्वेचा शिरस्ता वाचकांना ठाऊक असेलच! शिरोळ तिथून दोन-अडीच कोसांवर. स्टेशनाभोवती माळ. पण या माळावर एक गोष्ट होती, ती म्हणजे बाजूचा रूळ.

एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या दरम्यान एका वेळी एकच गाडी सोडता येते. समोरून दुसरी येत असेल, तर एकीला कुठे तरी बाजूला उभे राहावेच लागते. त्यामुळे अशा मार्गावर दिवसाला किती गाड्या धावतील, हे इंजिनाच्या वेगावर जितके ठरते, त्याहून अधिक थांबायच्या जागा किती, यावर ठरते. शंभर मैलांत एकच बाजूचा रूळ असेल तर जगातले सर्वांत वेगवान इंजिनही तुमच्या कामाचे नाही. वाट मोकळी असल्याची खूण म्हणून ड्रायव्हरच्या हाती टोकन द्यायचे. ते हाती पडल्याशिवाय त्याने स्टेशन सोडायचे नाही. वेताच्या मोठ्या कड्याला ते टोकन अडकवून स्टेशनावरचा माणूस हात वर करून उभा राही आणि न थांबणाऱ्या गाडीचा फायरमन ते कडे झटक्यात खांद्यात अडकवून घेई. हा खेळ पाहायला आम्ही पोरे सायकलवर डबलसीट बसून शिरोळहून जात असू.

दुसरा बाजूचा रूळ मालाचा. दिवाळी झाली की आमच्याकडे गुऱ्हाळे पेटतात. गुळाचे रवे, तंबाखूची बोदे, भुईमुगाची पोती बैलगाड्यांतून स्टेशनाच्या धक्क्यावर येत. व्यापाऱ्याच्या नावावर वाघीण लागली की ठरल्या मुदतीत ती भरावी लागे. मुदत टळली की डेमरेज बसे. म्हणून रात्री कंदील लावून हमाल राबत. गाडीवानांना बैल सोडायला जागा हवी, चहा हवा, भाकरी हवी. माल ठेवायला वखार हवी, वजन करायला काटा हवा आणि भांडायला अडत्या हवा! कोल्हापुरात महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवून गुळाच्या व्यापाराला स्टेशनाजवळ आणले होते. तीच दृष्टी इथल्या माळाकडेही वळली. गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी शिरोळ रोड स्टेशनाजवळ नवी पेठ आखली आणि तिला आपले जन्मदाते वडील कागलकर जयसिंगराव घाटगे यांचे नाव दिले. हेच जयसिंगपूर. सरळ आखलेले रस्ते आणि ओळीने मोजलेल्या गल्ल्या. पहिली गल्ली, दुसरी गल्ली असेच पत्ते आजही सांगतात. पुढे स्टेशनानेही तेच नाव घेतले. शिरोळचे नाव गेले याची रुखरुख आमच्या म्हाताऱ्यांना होती. पण बाजाराला तेच लोक जात होते.

नरसोबाच्या वाडीला जाणारे भाविकही याच स्टेशनावर उतरत. वसुबारसेच्याच दिवशी वाडीला गुरुद्वादशीचा उत्सव असतो. त्या दिवशी फलाटावर पाय ठेवायला जागा नसे, आणि पलीकडच्या रुळावर गुळाची वाघीण आपल्या पाळीची वाट पाहत मुकाट उभी असे.

१९७१ च्या सुमारास आमचा मार्ग ब्रॉडगेज झाला. पुण्याला डबा बदलण्याचा त्रास गेला आणि एका वाघिणीतून दुसरीत माल चढवण्याचा खटाटोपही संपला. कोल्हापूरची गाडी थेट मुंबईला जाऊ लागली. म्हणजे आमच्या रानातला डबा बोरघाट उतरू लागला आणि मामांच्या केबिनपाशी थांबू लागला. मामा तेव्हा निवृत्तीला आले होते. एकदा त्यांनी पत्रात लिहिले, ‘आज कोल्हापूरची गाडी माझ्या हातून खाली गेली.’ आईने ते पत्र देवघरात ठेवले होते.

आता त्या वेताच्या कड्यांचे काम यंत्रांनी केले आहे, वाफेची इंजिने गेली, आमच्या मार्गावरही विजेच्या तारा आल्या. माल ट्रकांतून जातो. पण कोल्हापूरच्या पुढे रूळ गेलेला नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पुरी झाली. वैभववाडीला तिला जोडण्याच्या मंजुरीच्या आणि पाहणीच्या बातम्या आम्ही वाचतो. सह्याद्री मात्र तसाच आडवा उभा आहे. उद्या तो घाट बांधला गेला, तर त्यातही सदतिसास एकची भाषा होईल आणि कुठल्या तरी वळणावर डोंगरात चढणारा एक रिकामा रूळ टाकावा लागेल. बांधणाऱ्या माणसांची नावे तरी या वेळी लिहून ठेवावीत, एवढे मागणे आहे.

वाचकहो, या दिवाळीत आपल्यापैकी पुष्कळजण गाडीने माहेरी, सासरी, गावी जातील. वाटेत कुठे तरी गाडी उगीच उभी राहील. कोणी घड्याळ पाहील, कोणी रेल्वेच्या नावाने खडे फोडील. त्या वेळी खिडकीतून बाहेर पाहा. समोरून दुसरी गाडी येत असेल. तीही घरी जाणाऱ्या माणसांनी भरलेली असेल. आणि गाडी बोरघाटात थांबली असेल, तर डोंगरात चढत गेलेला तो गंजका रूळ दिसतो का, ते पाहा. मी अजून पाहतो. गाडी सुटली की हात जोडतो. शेजारच्या प्रवाशाला वाटते, म्हातारा शिंग्रोबाला नमस्कार करतो आहे. मीही तसेच समजू देतो.